नवा आला की लेव्हल एक

सुहास,

तुला मातीआड करून आम्ही परत आलो, तेव्हा तुझ्या अंगणात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सरोजवहिनींचे थोरले भाऊ माझ्या शेजारी येऊन बसले. माझ्या हातात चहाचा कप दिला आणि हळूच म्हणाले, "दुकानामागच्या खोलीत तुम्ही दर रविवारी काय खेळायचात हो? पत्ते?" मी नाही म्हटलं. "मग कॅरम?" तेही नाही म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. चाळिशी ओलांडलेली माणसं दर रविवारी चार-चार तास दार लावून बसतात, आणि पत्तेही नाहीत, कॅरमही नाही, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असं त्यांना वाटलं असावं.

मी समजावून सांगायला लागलो. एक जण गोष्ट रचतो, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस घेतात आणि त्याच्या तोंडून बोलतात. मास्तर म्हणतो, समोर बारव आहे, आत उजेड दिसतोय, काय करता? आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. माणूस जगत, लढत, शिकत गेला की त्याची लेव्हल वाढते, तो ताकदवान होतो.

"आणि जिंकतं कोण?"

"कुणीच नाही."

"मग संपतो कधी?"

"संपत नाही. वर्षानुवर्षं चालतो."

त्यांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "आमचे दाजी पहिल्यापासूनच जरा वेगळे." मला हसू आलं, आणि हसता हसता असं रडू फुटलं की कप खाली ठेवावा लागला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. जिवलग मित्र दिसतोय, असं त्यांना वाटलं असेल. या जिवलग मित्राने सात महिने तुझं तोंड पाहिलं नव्हतं, हे सांगायची मला हिंमत झाली नाही.

आज त्याला तीन आठवडे होतील. तुझ्याबद्दल लिहून दे, असं तुझ्या चर्चमधल्या पाळकसाहेबांनी सांगितलंय, स्मरणिकेसाठी. ते वेगळं लिहून देईन. त्यात तुझा जन्म, शिक्षण, दुकान, मनमिळाऊ स्वभाव सगळं येईल. हे इथलं आपल्या दोघांतलं आहे.

तुझी ती खोली मला डोळे मिटूनही दिसते. फ्लेक्स छापायच्या शाईचा वास, भिंतीला उभ्या केलेल्या गुंडाळ्या, आणि मधोमध तुझं जुनं कटिंगचं टेबल. नावात चूक झाली म्हणून गिऱ्हाइकाने नाकारलेले फ्लेक्स तू जपून ठेवायचास आणि त्यांच्या पाठीमागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने नकाशे काढायचास. टेबलावर भुयार, दलदल, किल्ला. टेबलाखाली लोंबणाऱ्या कडेला मात्र कुणी दादा नाहीतर भाऊ हात जोडून उभे, वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारत. शुभांगी खुर्ची पुढे ओढताना म्हणायची, "सरका हो साहेब, पाय ठेवू द्या." कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी ही गंभीर बाई तुझ्या टेबलावर आली की बारा वर्षांची व्हायची. आणि आपला बापू. श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचे नमुने तपासणारा, मोटारसायकल हाणत यायचा आणि आल्या आल्या विचारायचा, "मेलं का कुनी?"

तू सकाळी उपासनेला जायचास, दुपारी जेवून यायचास आणि तीनच्या ठोक्याला म्हणायचास, "तर मंडळी, मागच्या वेळी आपण कुठं होतो?" तुझं ते 'तर मंडळी' ऐकलं की आठवडाभराचा शीण उतरायचा. तुला हे कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धतच नव्हती. आपण भांडायचो मात्र भरपूर.

भांडण एकाच नियमावरून. नवा आला की लेव्हल एक. बाकीचे सातवर असोत नाहीतर नऊवर, जो नवा येईल, किंवा ज्याचा जुना माणूस मरेल, त्याने नवं माणूस घ्यायचं आणि तळापासून सुरुवात करायची. मी इंटरनेटवर वाचून तुला सांगायचो की जगभर लोक असं करत नाहीत. नव्याला इतरांपेक्षा एखादी लेव्हल कमी देतात आणि खेळात घेतात. तू चष्मा पुसत म्हणायचास, "जगभर लोक बरंच काही करतात." झालं, विषय संपला.

पण मी तरी काय धुतल्या तांदळाचा होतो? शुभांगी आली तेव्हा आपण सहाव्या लेव्हलवर होतो. तिला पहिलीवर बसवलंस, तेव्हा तुझ्या बाजूने सगळ्यात मोठ्याने कोण बोललं? मीच. "आम्ही दोन वर्षं घाम गाळलाय बाई, फुकट मिळत नाही इथं." तिची ती झाडपाला गोळा करणारी चिंगी. मार झेलायला आमच्या माणसांना पन्नास-साठ जीव, हिला सहा. कोंबडीने चोच मारली असती तरी गेली असती. आम्ही तिला मधे घेऊन चालायचो, झोपताना तिच्याभोवती झोपायचो.

आणि मग ते किल्ल्याचं प्रकरण. आपण चौघं एकदा खर्ड्याचा किल्ला बघून आलो होतो, तसाच्या तसा तू फ्लेक्सवर उतरवला होतास. मी आणि बापू तीन रविवार तटावर कसं चढायचं याचे बेत करत होतो. दोर, खिळे, कुठल्या बुरुजावर पहारा कमी. चौथ्या रविवारी शुभांगी म्हणाली, "मला चढता येणार नाही, मी दरवाज्यावर जाते." आम्ही डोक्याला हात लावला. तिने पहारेकऱ्याला विचारलं, "दादा, गुडघा दुखतोय का? टेकून उभे आहात म्हणून विचारलं." तुझ्या चेहऱ्यावरून कळलं की पहारेकऱ्याला गुडघा असतो हे तूसुद्धा ठरवलेलं नव्हतंस. तिने पाला वाटून लेप दिला, वीस बाजूंचा फासा टाकला, एकोणीस पडले, आणि पहारेकऱ्याने सगळ्यांना आत घेऊन वर ताक पाजलं. तू इतका हसलास की चष्मा नकाशावर पडला. मग माझ्याकडे बोट करून म्हणालास, "बघ. सहा जीव असले की माणूस डोकं वापरतो. तुझ्याकडे साठ आहेत, म्हणून तू भिंती चढतोस."

बापूचं माणूस मेलं तेव्हा त्याने तर वादच घातला नाही. नवा कागद ओढला आणि लिहायला लागला. "आरं, ऊस तोडला म्हंजी संपला व्हय? खोडवा येतोच की." तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं ते पीक. तेव्हापासून आपल्या टेबलावर मेलेल्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला खोडवा म्हणायची पद्धत पडली. बापूचा खोडवाही थोडा थोडा करत मोठा झाला. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. तरी माझ्यावर वेळ आली तेव्हा माझी अक्कल चरायला गेली.

डिसेंबरातला पहिला रविवार. माझा रायबा अकराव्या लेव्हलवर होता. चार वर्षं वाढवलेला माणूस. बाकीच्यांना भुयारातून बाहेर पडता यावं म्हणून तो दरवाजा धरून उभा राहिला. तू फासा कधी झाकून टाकायचा नाहीस. त्या दिवशीही सगळ्यांसमोर टाकलास, आणि रायबा पडला. शुभांगीने तोंडावर हात ठेवला. तू खरंच वाईट वाटलेल्या आवाजात म्हणालास, "फार छान मेला रे."

मी म्हणालो, "नवं माणूस कितव्या लेव्हलवर घेऊ?"

"प्रमोद, तुला माहीत आहे."

"दहावी दे. फार तर नववी. त्याने दार धरलं म्हणून हे दोघं जिवंत आहेत."

"एक."

"सुहास, मी चार वर्षं दिलीत."

"ती रायबाला दिलीस. नवा आला की लेव्हल एक."

मी कागद चुरगाळला, फासे खिशात घातले आणि उठलो. दारात काय बोललो तेही आठवतं. "तुझ्यासारख्याला काय कळणार तळाला बसणं. तू कायम टेबलाच्या त्या बाजूला."

आता ऐक. त्या टेबलावर कुणालाच माहीत नसलेली गोष्ट ही, की त्याच आठवड्यात मी ट्रेनी झालो होतो. एमआयडीसीतला आमचा कारखाना नोव्हेंबरात बंद पडला. अठरा वर्षं मी तिथं ड्रॉइंग तपासत होतो. माझी सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नव्हता. नव्या ठिकाणी म्हणाले, आमच्या मशिनी वेगळ्या, आधी शिकावं लागेल. त्रेचाळिसाव्या वर्षी छातीवर 'ट्रेनी' लिहिलेलं कार्ड. शिकवायला माझ्या भाचीच्या वयाची पोरगी. फार चांगली आहे, 'काका' म्हणते, तेच जास्त लागायचं. घरी बायकोला बजावलं होतं, कुणाला बोलू नकोस. सोमवार ते शनिवार तळाला बसून मी रविवारी तुझ्याकडे आलो होतो. एका जागी तरी मी अकरावर होतो. आणि तू म्हणालास, एक.

हे तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? नियम बदलला नसतास, एवढं मी ओळखतो. पण चहा मागवला असतास.

नाताळला मी आलो नाही. दरवर्षी सगळ्यांत आधी मी यायचो. तू बापूबरोबर डबा पाठवलास. करंज्या मी खाल्ल्या, चिठ्ठी आहे का ते तीनदा पाहिलं, आणि चिठ्ठी नाही म्हणून रागावलो. एप्रिलमध्ये तुझा फोन आला. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ऊन किती आहे, आता पत्त्यात अहिल्यानगर लिहायचं पण गिऱ्हाइकं अजून नगरच म्हणतात, असं दहा मिनिटं बोललास. दोघांनीही रविवारचं नाव काढलं नाही. शेवटी तू म्हणालास, "बाकी बरं ना?" मी म्हणालो, "बरंय." फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ तो हातात घेऊन बसलो होतो.

जूनमध्ये मी नवं माणूस लिहून काढलं होतं, सुहास. खोटं कशाला सांगू. सटवा नाव. विहिरी खणणारा. लेव्हल एक, जीव सात. नोकरीत मला तोवर थोडं जमायला लागलं होतं, आणि तळाची तेवढी भीती उरली नव्हती. एका रविवारी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलोही. आतून बापूचं मोठ्याने हसणं ऐकू आलं. माझ्यावाचून यांचं झकास चाललंय, असं वाटलं आणि स्कूटर वळवली. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं. पुढच्या बुधवारी तू गेलास.

गेल्या रविवारी बापूने बोलावलं. सरोजवहिनींना खोली रिकामी करून हवी होती. शुभांगी आधीच येऊन कागद लावत होती. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मी विचारलं, "कितवीवर आहात आता? बारा? तेरा?"

तिने हातातले कागद माझ्यासमोर टेबलावर आपटले. दोन नवी माणसं होती, दोघंही अनोळखी नावाची. लेव्हल एक. तुझ्या अक्षरात तारखा घातलेल्या, डिसेंबरपासूनच्या.

"हे काय?"

"तू गेलास त्याच्या पुढच्या रविवारी त्याने आमची जुनी माणसं गावाला पाठवली," शुभांगी म्हणाली. "विश्रांतीला. म्हणाला, नवी घ्या, पहिल्या लेव्हलची."

"का?"

बापू खाली बसून फ्लेक्सची गुंडाळी करत होता, तो मान वर न करता म्हणाला, "तू येशील तवा तुला खाली एकट्याला बसाय लागू नये म्हनून."

मला ते कळायलाच वेळ लागला.

"सात महिने, प्रमोद," शुभांगीचा आवाज चढला होता. "सात महिने त्याने आम्हाला लेव्हल दिली नाही. काहीही केलं तरी नाही. गाव वाचवलं, पूर थांबवला, म्हणाला, छान, पण अजून नाही. मी किती भांडले त्याच्याशी. म्हणाला, त्याच्याआधी वर गेलात तर मग काय उपयोग."

"मला फोन का नाही केलात?"

"म्या करनार हुतो," बापू म्हणाला. "डबा घिऊन आल्तो तवाच सांगनार हुतो. पन त्यानं शपथ घातली. म्हनला, बोलवून आनलं तर त्याला उपकार वाटतील. त्याचं त्याला यिऊ दे. लई मानी हाय."

मग मी त्यांना सटवाचं सांगितलं, आणि नोकरीचंही. पहिल्यांदाच. खुर्चीवर बसून, तुझ्या रिकाम्या टेबलाकडे बघत. शुभांगीचा राग उतरला आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली. बापू म्हणाला, "आरं मग सांगायचं न्हाई का गड्या. आमी काय तुला खाल्लं असतं?" तुला हे माहीत होतं का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. नगर काही एवढं मोठं नाही. तुझ्या दुकानात एमआयडीसीतली निम्मी माणसं येतात. कदाचित कुणी बोललं असेल. कदाचित काहीच माहीत नसेल आणि तरीही तू हे केलं असशील. दोन्हीतलं कुठलं जास्त छळतं, ते मला ठरवता येत नाही.

आणि एक सांगतो, मला तुझा रागही आलाय. एवढा मोठा चांगुलपणा मनात ठेवून माणूस नळाच्या पाण्यावर बोलतो का? एक वाक्य लागलं असतं. 'अरे ये, सगळे पहिलीवर बसलेत.' मी मानी, आणि तू? तूही काही कमी नव्हतास. दोघं अडून बसलो आणि मधल्यामधे त्या दोघांची सात महिने वाढ खुंटली.

खोली रिकामी केली नाही. सरोजवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे भाऊजी. रविवारी इथं आवाज नसला की घर खायला उठतं." मग बापू म्हणाला की मास्तर आता प्रमोदनेच व्हायचं. तुझ्याशी इतकी वर्षं भांडून मला सगळे नियम पाठ झालेत, हे त्याचं कारण. मी म्हणालो, मी आयुष्यात कधी मास्तर झालो नाही. बापू म्हणाला, "मग तुजीबी पहिलीच की." शुभांगी हसली. तू गेल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी तरी हसलं.

आज दुपारी तीनला आम्ही बसलो. तुझं 'तर मंडळी' माझ्याने म्हणवेना. मी सरळ सांगितलं, "दोघांची लेव्हल दोन." मला वाटलं होतं ते आरडाओरडा करतील. बापूने खोडरबर घेतलं आणि कागदावरचा एकचा आकडा इतका सावकाश खोडला की मला बघवेना. शुभांगीने विचारलं, "तुझा सटवा कुठे सोडलास?" मी म्हणालो, मास्तरला माणूस नसतं. हाही तुझाच नियम. मास्तरचं स्वतःचं माणूस खेळात असलं की फासा प्रामाणिक राहत नाही. मग तिने पुन्हा विचारलं नाही.

तुझ्या खुर्चीवरून खोली वेगळी दिसते. समोर दोघं एकमेकांना खेटून बसलेले, एकमेकांच्या कागदात डोकावणारे, कुजबुजणारे. या बाजूला शेजारी कुणी नसतं. सगळं ठाऊक असतं आणि कुणाला सांगायचं नसतं. इतकी वर्षं तू आमच्याबरोबर खेळतोयस असं मला वाटत होतं. दारात तुला काय बोलून गेलो होतो ते आठवलं आणि हातातला फासा टाकायचा राहून गेला. बापू वाट बघत होता.

ज्याच्यासाठी तू सगळ्यांना खाली थांबवून ठेवलं होतंस, तो आता त्यांच्याबरोबर कधीच चालणार नाही. ते दोघं आज नदी ओलांडून पुढे गेले. मीच नेलं त्यांना. चांगलं खेळले.

डिसेंबरपासून तीस रविवार होते, सुहास. मला एक पुरला असता.

तुझा,
प्रमोद